काळीज बरगडीखाली असतं

आम्हा कवींनी काळीज छातीत डावीकडे नेऊन ठेवलं आहे. उर्दू गझलेत जिगरचंही तेच झालं. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागा, खाटीक यकृतच काढून देतो. या बाबतीत तो आम्हा शायरांपेक्षा भरवशाचा! मला हे कळलं धाकट्या भावाच्या आजारपणात, पाचेक वर्षांपूर्वी.

भाऊ टेम्पो चालवतो. वय तेव्हा चाळीस. जेवण धाब्यावर, पाणी मिळेल तिथलं आणि अधूनमधून हातभट्टीची. अम्मीला यातलं काही ठाऊक नव्हतं. रोज थंडी वाजून ताप भरायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं. आधी मलेरियाच्या गोळ्या झाल्या, मग टायफॉईडच्या. उजवा खांदा दुखतो म्हणाला, तर मीच मलम चोळून दिलं. असे बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांचा मला अजून राग येतो, आणि त्यात माझ्या मलमाचाही वाटा आहे.

शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी त्याला आडवं केलं आणि उजवीकडच्या दोन बरगड्यांमधल्या जागेत बोटानं दाबलं. भाऊ कळवळला. "आव पडली होती का?" नाही म्हणाला. "नसेना. यात बऱ्याच जणांना जुलाब झालेलेच नसतात." मग त्यांनी दारूचं विचारलं. भावानं माझ्याकडे पाहिलं. मी खोलीबाहेर गेलो.

सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात आठ सेंटिमीटरचं गळू निघालं. एन्टामिबा हिस्टोलिटिका नावाचा एकपेशीय जीव घाणेरड्या पाण्यातून, अन्नातून आतड्यात शिरतो, आतड्याची भिंत पोखरतो आणि रक्तावाटे यकृतात पोचतो. हा आजार बायकांपेक्षा पुरुषांना कितीतरी जास्त होतो. खांद्याचं कोडंही डॉक्टरांनी उलगडलं. यकृताला टेकलेल्या श्वासपटलाची नस मानेतून उतरते, म्हणून दुखणं खांद्यात उमटतं. शौचाच्या तपासणीत हा जीव बहुधा सापडत नाही. रक्ताची तपासणी मदत करते, पण आपल्याकडे ती जुन्या संसर्गाचीही खूण दाखवू शकते. साध्या जीवाणूंचं गळूही सोनोग्राफीत असंच दिसतं, त्यामुळे सुरुवातीला दोन्हींवर औषध देतात.

औषध म्हणजे मेट्रोनिडाझोल. 1912 मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी यावर एमेटिनची इंजेक्शनं वापरली. जीव वाचायचे, पण ते औषध हृदयावर घाला घालायचं. मेट्रोनिडाझोलनं 1960 च्या दशकात ती धास्ती बरीच संपवली. मात्र या गोळ्यांसोबत दारू चालत नाही. डॉक्टरांनी हे भावाला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्यादेखत.

बहुतेक रुग्णांचा ताप तीन-चार दिवसांत उतरू लागतो आणि सुईची गरजच पडत नाही. गळू फार मोठं असेल, फुटायच्या बेतात असेल, यकृताच्या डाव्या भागात हृदयाजवळ असेल किंवा गोळ्यांना दाद देत नसेल, तर मात्र ते उपसतात. भावाचा ताप पाचव्या दिवशीही हटेना. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत त्यांनी सुई घातली. चॉकलेटी रंगाचा, जवळजवळ वास नसलेला पू निघाला. त्यातही तो जीव क्वचितच दिसतो म्हणे, कारण तो गळवाच्या भिंतीला चिकटून असतो. त्या रात्री भाऊ शांत झोपला. अम्मी उशाशी बसून होती.

घरी आल्यावर खरी कटकट झाली. यकृत बरं झालं तरी आतड्यात अमिबा उरतो आणि पुन्हा उचल खातो. त्यासाठी डायलॉक्सॅनाईडच्या वेगळ्या गोळ्या, दिवसातून तीनदा, दहा दिवस. "भाई, मला आता काही होत नाही, कशाला?" असं म्हणत तो पाकीट फळीवर ठेवून द्यायचा. मी रोज मोजून त्या त्याच्या हातावर ठेवल्या.

तीन महिन्यांनी सोनोग्राफीत पोकळी दिसलीच, लहान झालेली. अम्मी घाबरली. डॉक्टर म्हणाले, भरून यायला कित्येक महिने लागतात. ताप नाही, दुखणं नाही, तर नुसत्या चित्राला औषध कशाला?

आता टेम्पोत पाच लिटरचा कॅन असतो, घरून उकळून नेलेल्या पाण्याचा, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला हा जीव सहसा दाद देत नाही. दुसऱ्या बाटलीचं मी अजून विचारलेलं नाही.