तिसरं पेडल



स्पोर्ट्‌स कार विकत घेण्याची ऐपत आपल्यापैकी फार थोड्यांची. पण तिच्याबद्दल बोलायला पैसे पडत नाहीत, आणि या गाड्यांच्या नादी लागलेल्या मंडळींचा एक वाद ऐकण्यासारखा आहे. गिअर आपल्या हाताने टाकायचे, की ते काम गाडीवर सोपवायचं? मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

निव्वळ वेगापुरतं बोलायचं, तर निकाल कधीच लागलाय आणि तो मॅन्युअलच्या विरोधात गेलाय. १९८९ च्या मार्च महिन्यात ब्राझीलमधल्या रिओ शहरात फॉर्म्युला वनची शर्यत होती. फेरारीने नवी गाडी उतरवली होती. जॉन बर्नार्ड या अभियंत्याने तिच्यातला गिअरचा दांडाच काढून टाकला होता. त्याऐवजी स्टिअरिंगच्या मागे बोटांनी ओढायच्या दोन पट्ट्या, एक वरच्या गिअरसाठी, एक खालच्या. सरावात या गिअरबॉक्सने इतका छळ मांडला, की गाडी शर्यत पुरी करेल असं चालक नायजेल मॅन्सेललाही वाटत नव्हतं. आपण परतीचं लवकरचं विमान ठरवून ठेवलं होतं, असं तो पुढे सांगत असे. शर्यत त्यानेच जिंकली! नंतर त्याच हंगामात ती गाडी पुष्कळदा बंद पडली हे खरं, पण काही वर्षांतच झाडून सगळ्या संघांनी दांडे काढून टाकले.

पोर्श कंपनीचा रस्ता वेगळा होता. तिने १९८० च्या दशकात आपल्या शर्यतीच्या गाड्यांमध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स वापरून पाहिला आणि २००८ मध्ये तो रस्त्यावरच्या ९११ गाडीत आणला. त्याला पीडीके म्हणतात. यात एक, तीन, पाच हे गिअर एका क्लचकडे आणि दोन, चार, सहा दुसऱ्याकडे. गाडी तिसऱ्यात धावत असते तेव्हा चौथा आधीच अडकवून तयार असतो. पंगतीत भाताचा वाढपी पुढे सरकतो न सरकतो तोच वरणवाला वाकलेला असतो, तसं. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि चाकांकडे जाणारा जोर तुटत नाही. माणसाचे हातपाय कितीही सफाईदार असले तरी इथे हरतात.

आकडेच पाहा. पोर्शची २०२१ सालची ९११ जीटी३ ही गाडी दोन्ही प्रकारांत आली. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग पीडीके ३.४ सेकंदांत गाठते, मॅन्युअल ३.९ मध्ये. अर्धा सेकंद! शर्यतीच्या मैदानावर हा फरक फार मोठा. मॅन्युअल गाडी १७ किलोंनी हलकी, पण तेवढ्याने ती कसर भरून निघत नाही.

मग पोर्शने मॅन्युअल ठेवलीच कशाला? तर २०१३ मध्ये तिने ती खरोखरच काढून टाकली होती. त्या वर्षीची जीटी३ फक्त पीडीकेत आली. जास्त वेगवान होती, पण जुने चाहते नाराज झाले, आणि ती नाराजी कंपनीपर्यंत पोचली. २०१६ मध्ये ९११ आर नावाची गाडी निघाली, फक्त मॅन्युअल, आणि बनवल्या मोजून ९९१. त्या हातोहात गेल्या आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने फिरू लागल्या. पुढच्याच वर्षी जीटी३ मध्ये तिसरं, म्हणजे क्लचचं, पेडल परत आलं. म्हणजे हळू चालणाऱ्या गाडीला लोक जास्त पैसे मोजत होते. धंद्याच्या दृष्टीने गंमतच आहे.

या लोकांना नेमकं काय हवं असतं? एक वळण घेऊ या. गाडी वेगात येतेय, ब्रेक लावायचाय आणि चौथ्यातून तिसऱ्यात यायचंय. खालचा गिअर पडला की इंजिनाला जास्त फिरावं लागतं. ते आधीच तेवढं फिरत नसेल, तर क्लच सोडताक्षणी मागची चाकं अडखळतात आणि गाडीला हिसका बसतो. म्हणून उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर दाबलेला ठेवून त्याच पायाची कड ॲक्सिलरेटरवर टेकवायची, एक झटका द्यायचा, डावा पाय क्लचवर, हात दांड्यावर. तीन पेडलं, दोन पाय. जमलं तर गिअर लोण्यासारखा पडतो, हिसका नाही, खरखर नाही. आपल्या जुन्या एस.टी.चे चालक घाटात डबल क्लच मारून गिअर टाकायचे, त्याच घराण्यातली ही विद्या. नव्या मॅन्युअल जीटी३ मध्ये हा झटका गाडी स्वतःच देते, पण ती सोय बंदही करता येते. ती बंद करणारं गिऱ्हाईकच मॅन्युअलचं खरं गिऱ्हाईक.

माझं मत विचाराल, तर पाचशे अश्वशक्तीच्या गाडीत मॅन्युअलचा आग्रह मला थोडा हौसेचाच वाटतो. ती दुसऱ्याच गिअरमध्ये ताशी शंभराच्या पलीकडे जाते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची मर्यादा शंभराची, घाटात त्याहून कमी. म्हणजे कायदा पाळायचा तर ताणायला पहिला गिअर आणि अर्धा दुसरा, बाकीचे चार शोभेला. खरी मजा हलक्या, कमी ताकदीच्या गाडीत. माझदाची एमएक्स–५ घ्या. १९८९ पासून बनतेय, दोन माणसांची, वजन सुमारे एक टन. तिच्यात वेग राखायचा तर सारखे गिअर बदलावे लागतात, इंजिन पार वरपर्यंत फिरवावं लागतं, आणि तरी पोलीस थांबवत नाहीत. अशा गाडीत ऑटोमॅटिक घेणं म्हणजे पैसे देऊन काम कमी करून घेणं, आणि इथे तर कामच विकत घ्यायचं असतं.

गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल तर मात्र हे सगळं विसरा. संध्याकाळी सायनला किंवा हिंजवडीला तासभर अर्ध्या क्लचवर सरकत राहण्यात कसलीही कला नाही, गुडघा दुखतो एवढंच. ऑटोमॅटिक घ्या आणि कुणाच्या टोमण्यांना भीक घालू नका. मैदानावर घड्याळाशीच स्पर्धा असेल तरी तेच. पोर्शची सगळ्यात कडक जीटी३ आरएस मॅन्युअलमध्ये मिळतच नाही.

आता विजेच्या गाड्यांमुळे हा वाद वेगळ्याच वळणावर गेलाय. बहुतेकींना गिअर बदलायचेच नसतात, एकाच गिअरवर काम भागतं. पण ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन ही विजेची गाडी आणली, तिच्यात आठ खोटे गिअर घातलेत. पट्टी ओढली की मोटर मुद्दाम क्षणभर जोर सोडते, गाडीला हलका धक्का बसतो, स्पीकरमधून इंजिनाचा आवाज चढतो. हवं तर हे सगळं बंद करता येतं. परीक्षण करणारे पत्रकार हे थोतांड म्हणून हसत गेले आणि त्यांतले बरेच जण ते चालू ठेवूनच गाडी चालवत राहिले.