वस्तीची राखण कोणी करावी?

'शेजारधर्म' हा आपल्या भाषेंतील एक जुना व अर्थपूर्ण शब्द आहे. शेजारीं दुखणें आलें तर रात्रीं जागावें, कार्य निघालें तर हातभार लावावा, येवढ्यापुरताच तो आपण बहुधा समजतों. परंतु जेथें नळास पाणी सोडणारा एक, रस्ता झाडणारा दुसरा, दिवे लावणारा तिसरा आणि पहारा करणारा चौथा अशी व्यवस्था असते, तेथें हा धर्म घराच्या उंबरठ्यापाशीं थांबून भागत नाहीं. पालघर व बोईसर-तारापूर या आमच्या भागांत रहिवाशांचे संघ काय करूं शकतात, आणि त्यांनीं काय मुळींच करूं नये, याविषयीं आज थोडें बोलावें असा माझा हेतु आहे.

प्रथम हा मुलूख कसा आहे तें पाहूं. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस डोंगराळ आदिवासी प्रदेश, आणि मधून मुंबईहून गुजराथेकडे जाणारा लोहमार्ग. तारापूरच्या अणुविद्युत् केंद्रांतून १९६९ सालीं वीज मिळूं लागली. पुढें बोईसर व तारापूर यांच्या दरम्यान औद्योगिक वसाहत उभी राहिली व तींत रसायनांचे, औषधांचे, कापडाचे आणि पोलादाचे कारखाने निघाले. १६ एप्रिल २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी विरारच्या पुढें डहाणूपर्यंत धांवूं लागली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा झाला. लोक आले, चाळी व इमारती उठल्या. परंतु कारभाराची चौकट त्या मानानें रुंद झाली नाहीं. पालघरास नगरपरिषद मिळाली. बोईसरची वस्ती मात्र २०११ च्या जनगणनेंत ३६ हजारांवर गेली असतांही तिचा संसार ग्रामपंचायतीच्याच शिरावर होता.

याचा परिणाम असा कीं, एकाच चौकांत उभें राहिलें असतां रस्ता एका खात्याचा, त्याच्या कडेचें गटार दुसऱ्याचें, डोक्यावरची तार तिसऱ्याची आणि पलीकडची जमीन चौथ्याची, असा प्रकार दिसतो. एका पावसाळ्यांत आमच्या आळीच्या तोंडाशीं असलेल्या गटाराचें झांकण वाहून गेलें. शाळेचीं मुलें त्याच वाटेनें जात. जो तो आपापल्या परीनें एकेका कचेरींत जाऊन आला, आणि प्रत्येकास 'हें आमच्याकडे येत नाहीं' असेंच उत्तर मिळालें. अखेर चार-पांच जण एकत्र बसले. त्यांनीं वस्तीचा एक कच्चा नकाशा काढला आणि यांतील कोणती वस्तु कोणाच्या ताब्यांत आहे, असें माहितीच्या अधिकाराखालीं लेखी विचारलें. २००५ च्या या कायद्याप्रमाणें ३० दिवसांत उत्तर द्यावें लागतें. उत्तर आलें, कोणतें दार ठोठवावयाचें तें कळलें, आणि त्यानंतर झांकण बसण्यास आठ दिवसही लागले नाहींत. तो नकाशा अजून आमच्या संघाच्या कपाटांत आहे, आणि भांडणापेक्षां त्याचाच आम्हांला अधिक उपयोग झाला आहे.

संघाचें पहिलें बळ म्हणजे हें ज्ञान. दुसरें बळ म्हणजे अधिकार. येथें 'अधिकार' म्हणजे हुकमत नव्हे. 'तुम्ही कोणाच्या वतीनें बोलतां?' या प्रश्नाला देतां येण्यासारखें उत्तर. २ एप्रिल १८७० रोजीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हां तिच्या चालकांनीं एक मोठी शहाणपणाची अट घातली होती. सभासद होऊं इच्छिणारानें निदान ५० माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणलें पाहिजे. गणेश वासुदेव जोशी यांस लोक 'सार्वजनिक काका' म्हणत, तें कांहीं उगीच नव्हे. आजच्या आमच्या पुष्कळ संघांत अध्यक्ष असतो, चिटणीस असतो, फलकही असतो. नसतात त्या या सह्या. ज्या संघांत भाडेकरू नाहीं, कारखान्यांत पाळी करणारा परप्रांतीय कामगार नाहीं, किंवा घरोघर कामास जाणारी बाई नाहीं, तो संघ वस्तीचा नव्हे. तो चार घरमालकांचा होय.

आतां सुरक्षिततेकडे वळूं. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळीं तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत स्फोट होऊन आठ माणसें मृत्यु पावलीं. असे प्रसंग आमच्याकडे पूर्वींही घडले होते, व नंतरही घडले. प्रत्येक वेळीं लोक रस्त्यावर धांवतात, दोन दिवस संतापतात आणि तिसऱ्या दिवशीं कामास लागतात. परंतु १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक केंद्रीय नियमांनीं नागरिकांस एक जागा दिलेली आहे, ती फार थोड्यांस ठाऊक असते. धोक्याच्या औद्योगिक क्षेत्रासाठीं एक स्थानिक संकट गट असावा. त्यांत कारखाने-निरीक्षक, अग्निशमन अधिकारी व पोलीस यांच्याबरोबर सरपंच अथवा वस्तींतील पुढारी, समाजसेवक व स्थानिक डॉक्टर हेही असावेत. गटाची बैठक दरमहा व्हावी. सहा महिन्यांतून निदान एकदां अपघाताची संपूर्ण रंगीत तालीम घ्यावी. आणि लोकांच्या विचारणेस उत्तर द्यावें, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां संघानें विचारावें : गेली बैठक केव्हां झाली? आमच्या वतीनें तेथें कोण बसतो? तालीम कोणत्या दिवशीं आहे?

आणि स्वतःच्या घरींही थोडें शिकावें. दिवसा वारा बहुधा समुद्राकडून, म्हणजे कारखान्यांवरून बोईसरकडे येतो; रात्रीं तो पुष्कळदां उलटतो. क्लोरीनसारखे वायु हवेपेक्षां जड असून सखल जागीं सांचतात. म्हणून वायु सुटला असतां तो ज्या दिशेस वाहत असेल त्याच दिशेस पळत न सुटतां वाऱ्याला आडवें होऊन उंचवट्याकडे जावें. बाहेर पडणें शक्य नसेल तर दारें-खिडक्या लावून नाकातोंडावर ओला फडका धरावा. आळींत कोणाच्या घरीं अंथरुणाला खिळलेलें माणूस आहे, कोणाकडे तान्हें मूल आहे, ही यादी सरकारपाशीं नसते. ती शेजाऱ्यांपाशींच असूं शकते.

संघटित लोकांचा चिकाटीचा शब्द दूरवर पोंचतो, यालाही आमच्याच किनाऱ्याचा दाखला आहे. सांडपाण्यानें खाड्या नासूं लागल्या व मासळी हटूं लागली, तेव्हां अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें २०१६ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. पुढें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणींत ९३.६९ गुणांनिशीं तारापूर हें देशांतील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलें. कोळी बांधव जें आधीं सांगत होते, तेंच पुढें आंकड्यांनीं सांगितलें.

आतां एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं आमच्याच जिल्ह्यांत, डहाणू तालुक्यांतील गडचिंचले येथें, मोटारींतून जाणारे दोन साधू व त्यांचा चालक यांस जमावानें पोलिसांच्या देखत ठार केलें. टाळेबंदीचे दिवस होते. चोर आणि मुलें पळविणारे हिंडत आहेत अशा अफवा उठल्या होत्या, व त्यांपायीं गांवोगांव लोक रात्रीं जागत होते. म्हणजे आरंभ पहाऱ्याचा होता, आणि शेवट तीन निरपराध माणसांच्या हत्येंत झाला. वस्तीच्या राखणीची गोष्ट बोलणारानें हा प्रसंग टाळून पुढें जातां कामा नये.

याच्या शेजारीं भिवंडीचें उदाहरण ठेवून पाहावें. १९८४ च्या दंगलीनें होरपळलेल्या त्या गांवांत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदु-मुसलमान शेजारी आणि पोलीस वेळोवेळीं एकत्र बसत व अफवेची शहानिशा तेथल्या तेथें करीत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. गडचिंचल्यास माणसें जागीं होतीं, पण ऐकीव गोष्ट खरी कीं खोटी हें कोणास विचारावें, तशी जागा त्यांना नव्हती.

म्हणून रात्रीची गस्त घालावयाची असेल तर पोलीस ठाण्यास कळवून, नांवनिशीवार पाळ्या लावून आणि वहींत नोंद ठेवून घालावी. अनोळखी माणूस दिसला तर त्यास नांव-गांव नम्रतेनें विचारावें. शंका राहिली तर ११२ या क्रमांकावर कळवावें. परंतु त्याच्या अंगास हात लावूं नये. हातांतील यंत्रावर आलेली बातमी पुढें धाडण्यापूर्वीं ती कोणीं पाहिली, केव्हां व कोठें, हे तीन प्रश्न विचारावेत. वर्गांत मुलांना आम्ही हेंच शिकवीत असूं. मोठ्यांनाही तें पुनः शिकण्यास हरकत नाहीं.

श्रोतेहो, या आठवड्यांत आपल्या आळींतील दहा घरें एका संध्याकाळीं एकत्र बोलवा. मोठी सभा नको, हारतुरे नकोत. वस्तीचा नकाशा, अशक्त माणसांची यादी आणि तक्रारींची पोंच ठेवणारी एक वही, येवढें त्या बैठकींत सुरू झालें तरी पुष्कळ होईल. आणि त्या दहांत, आजवर ज्याच्या घरीं आपण कधीं गेलों नाहीं, असें एक तरी घर असूं द्या.