तीस वर्षांनी मिळालेले उत्तर



१६ डिसेंबर हा विजय दिवस. १९७१ साली याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली आणि साऱ्या देशात आनंदाला उधाण आले. त्याच दिवशी पश्चिम सीमेवर, शकरगड क्षेत्रातील जरपाल गावाजवळ, एका घरातील थोरला मुलगा रणभूमीवर धारातीर्थी पडला. राष्ट्राचा विजय दिवस हाच त्या कुटुंबाचा स्मृतिदिन ठरला. त्या वीराचे नाव सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल.

घराणे पंजाबचे, पण अरुणचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. सैनिकी शिक्षणाचा आरंभ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत झाला. आणि जून १९७१ मध्ये तो अधिकारी म्हणून रुजू झाला तो ‘पूना हॉर्स’ या रणगाडा रेजिमेंटमध्ये. पुण्याशी असे तिहेरी नाते असलेला हा तरुण आपल्याला परका कसा म्हणावा?

बसंतर नदीच्या परिसरात शत्रूने सुरुंग पेरून ठेवले होते. सुरुंगांचा पट्टा पूर्णपणे मोकळा होण्यापूर्वीच पूना हॉर्सचे रणगाडे रात्री त्यातून पार झाले. १६ तारखेच्या सकाळी शत्रूने रणगाड्यांनिशी प्रतिहल्ला चढविला. मदतीची हाक येताच अरुणने आपला ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा पुढे घातला. शत्रूचे रणगाडे एकामागून एक निकामी होऊ लागले. अखेर त्याच्याही रणगाड्याने पेट घेतला. बाहेर पडण्याचा आदेश मिळाला. परंतु तोफ अजून चालते आहे, असे कळवून त्याने रणगाडा सोडण्यास नकार दिला. पुढच्या एका गोळ्याने त्याची प्राणज्योत मालवली. वय वर्षे २१. मरणोत्तर परमवीर चक्र मिळविणारा तो त्या वेळचा सर्वांत तरुण वीर होता.

इतिहास येथे पूर्ण होतो. पण घराची कथा येथे संपत नाही. अरुणचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल स्वतः सैनिक. युद्धात काय घडते हे त्यांना ठाऊक होते. तरीही पुत्राच्या अखेरच्या क्षणी समोर कोण होते, हे ठाऊक नसताना त्यांनी तब्बल तीस वर्षे काढली.

२००१ साली, ८१ व्या वर्षी, ते आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये एका निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरने त्यांचे अत्यंत आदराने आतिथ्य केले. निरोपाच्या आदल्या रात्री यजमानाने मन मोकळे केले : अरुणच्या रणगाड्यावर तो शेवटचा गोळा आपणच डागला होता. यजमान होते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर. त्यांनी अरुणच्या शौर्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ज्या हातांनी पुत्र हिरावला, त्याच हातांनी वाढलेले अन्न पित्याने ग्रहण केले होते! त्या क्षणी पित्याच्या हृदयात काय उसळले असेल, ते शब्दांत कोण सांगणार? पण त्या वृद्ध सैनिकाने आपल्या मर्यादेचा भंग होऊ दिला नाही. दोघांनीही आपापले कर्तव्य केले होते, हे त्याने जाणले.

अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगर येथील रणगाडा दलाच्या केंद्रात ‘फामागुस्ता’ जतन करण्यात आला आहे. प्रबोधिनीच्या संचलन मैदानाला अरुणचे नाव आहे. समाजाचे स्मरण असे लोखंडात आणि दगडात उभे राहते. ते आवश्यकच आहे. परंतु कुटुंबाला हवे असते ते याहून निराळे. आपला मुलगा कसा लढला, कसा गेला, हे कोणी जवळ बसून सांगावे. त्याच्याविषयी आपण बोलू लागलो तर कोणी शांतपणे ऐकावे, एवढेच त्याला हवे असते.

आपल्या महाराष्ट्रात सातारा, कोल्हापूर, सांगलीच्या कितीतरी गावांत अशी घरे आहेत. राष्ट्रीय सणाला वीरमातेच्या हाती नारळ देऊन आपले कर्तव्य संपत नाही. एरवीच्या एखाद्या सायंकाळी तिच्या ओसरीवर जाऊन बसावे, तिच्या मुलाची हकिकत तिच्याच तोंडून ऐकावी आणि ती आपल्या मुलांना सांगावी. अरुणच्या पित्याला उत्तर मिळण्यास तीस वर्षे लागली, आणि ते द्यावे लागले प्रतिपक्षाच्या सैनिकाने. आपल्या गावातील माता-पित्यांवर तरी अशी प्रतीक्षा करण्याची वेळ येऊ नये.