वादळाचे नाव, माणसाचे नाव



अटलांटिक महासागरात वादळांच्या नावांच्या सहा याद्या आळीपाळीने वापरतात. सहा वर्षांनी तीच नावे पुन्हा येतात. मात्र एखाद्या वादळाने फार माणसे मारली किंवा अपार नासधूस केली, तर जागतिक हवामान संघटनेची समिती ते नाव कायमचे वगळते. २००५ चे ‘कॅटरिना’ असेच गेले. म्हणून मोसम संपला की, आता कोणते नाव जाणार, याचे अंदाज लोक बांधतात. अशा वेळी वाऱ्याचा वेग पाहू नये, जमिनीवरची हानी पाहावी. भर समुद्रात विरलेल्या प्रचंड वादळाचे नाव शाबूत राहते.

आपल्याकडे अंदाजाची गरजच नाही. तेरा देशांनी दिलेली १६९ नावे २०२० साली जाहीर झाली. प्रत्येक नाव एकदाच वापरायचे. पहिले ‘निसर्ग’ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. पुढच्या वर्षी ‘तौक्ते’ आले. त्यात १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा कामगारांच्या मुक्कामाचा तराफा बुडाला. साठांहून अधिक माणसे गेली. वादळाचे नाव आपल्याला पाठ आहे. त्या माणसांपैकी एकाचे तरी सांगता येईल काय?

नागपूरला समुद्र नाही, पण कंत्राटी कामगार आहेत. कामावर कोणी दगावला, तर युनियनच्या फळ्यावर आधी त्याचे नाव लिहा, आकडा मागाहून.