उजवा किती, डावा किती?



संमेलनाच्या अध्यक्षाने चार अनुभवाचे बोल सांगावेत अशी रीत आहे. मी एक चूक सांगणार आहे. माझीच.

नोकरीच्या सुरुवातीला आम्ही शाळांतून दिवसाला तीन-तीनशे मुलांचे डोळे तपासत असू. नोंदवहीत नावापुढे एकच रकाना होता : दृष्टी. ‘चांगली’ लिहायचे आणि पुढच्याला हाक मारायची. अशा दोन तपासण्यांतून सुटलेली दहा वर्षांची मुलगी एकदा डाव्या डोळ्यात कुसळ गेले म्हणून माझ्याकडे आली. कुसळ काढून त्या डोळ्यावर पट्टी बांधली, तर तिला समोर धरलेली माझी बोटे मोजता येईनात. ‘उजव्याने दिसत नाही का गं?’ ती सहज म्हणाली, ‘त्याने कधीच दिसत नाही. एकानेच बघायचं असतं ना?’

तिच्या डोळ्यातले कुसळ मला दिसले. मुसळ माझ्या नोंदवहीत होते.

तिच्या उजव्या डोळ्यात ना मोतीबिंदू होता, ना पडदा खराब. लहानपणापासून मोठा नंबर होता. अंधूक चित्र पाठवणाऱ्या डोळ्याकडे मेंदू लक्ष देणे सोडतो. त्याला आपण ‘आळशी डोळा’ म्हणतो. पण आळस डोळ्याचा नसतो. वेळेवर चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी लावली, तर तो डोळा पुन्हा कामाला लागतो. मात्र वयाच्या सात-आठ वर्षांनंतर ही आशा झपाट्याने कमी होत जाते. ती मुलगी दहाची होती.

मूल तक्रार करील याची वाट पाहू नका. जे कधी स्पष्ट दिसलेच नाही, त्याची तक्रार ते कशी करणार? त्याच्या वागण्यातून वाचायचे असते. गुरुजी, फळ्यावरचे गणित शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारा मुलगा नेहमीच लबाड नसतो. मान कलती करून पाहणे, डोळे बारीक करणे, उन्हात एकच डोळा मिटून घेणे, टीव्हीला नाक लावून बसणे, या साऱ्या खुणा समजा. तीन महिन्यांचे बाळ आईच्या चेहऱ्यावर नजर ठरवत नसेल, सहा महिन्यांनंतरही डोळा तिरळा जात असेल, तर ‘मोठेपणी जाईल’, ‘तिरळा भाग्यवान असतो’ असे म्हणून थांबू नका. आणि बाहुलीत पांढरी चमक दिसली, फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचा. तो मोतीबिंदू असू शकतो. डोळ्याचा कर्करोगही असू शकतो, आणि तिथे प्रश्न जिवाचा असतो.

वेळेआधी किंवा फार कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा पडदा पहिल्या महिन्याभरात तपासून घ्यायलाच हवा. बाहेरून तो डोळा अगदी छान दिसतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. यंत्रणा आहे. उणीव असते ती प्रत्येक डोळा नीट तपासणाऱ्या एका मिनिटाची. मुले रांगेत उभ्या-उभ्या अक्षरांचा तक्ता पाठ करतात. म्हणून रांग तक्त्याकडे पाठ करून उभी करा. बोटांच्या फटीतून पाहतात. म्हणून डोळा तळहाताने किंवा जाड पुठ्ठ्याने झाका. अक्षरओळख नसलेल्यांना इंग्रजी ‘ई’ची तोंडे कुठे वळली ते हाताने दाखवू द्या. तान्ह्याचा एक डोळा झाकल्यावर ते स्वस्थ राहते आणि दुसरा झाकल्यावर रडून हात झटकते, तर त्याने उत्तर दिले असे समजा.

चष्मा दिला म्हणजे काम संपले असेही नाही. वर्गात ‘ढापण्या’ म्हणतील म्हणून मूल चष्मा दप्तरात ठेवते आणि दिसत नाही म्हणून ‘ढ’ ठरते. पहिला शब्द वर्गात बंद करणे शिक्षकांच्या हातात आहे. दुसरा मग आपोआप गळून पडतो.

मराठीत दुर्लक्ष करण्याला ‘काणाडोळा’ म्हणतात. त्या मुलीचा एक डोळा निकामी होता, पण काणाडोळा केला तो मी. म्हणून या संमेलनाकडे माझे एकच मागणे आहे : प्रत्येक तपासणीच्या नोंदवहीत तीन रकाने हवेत. उजवा किती, डावा किती, आणि दिलेला चष्मा मूल लावते का.

ती जुनी नोंदवही मी जपून ठेवली आहे. त्या मुलीच्या नावापुढे ‘चांगली’ असे लिहिले आहे. अक्षर माझे आहे.