दगडी कोळसा, हायड्रोजन आणि युरियाचे पोते
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वेळापूर येथे केलेले भाषण)



आपणांपैकी बहुतेक घरी ऊस आहे, म्हणून युरियाचे पोते कोणास अपरिचित नाही. त्यातील नत्र हवेतून येतो आणि तो फुकट आहे. त्याला बांधून आणणारा हायड्रोजन मात्र महाग पडतो. आज आपल्या देशात तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशांतून येतो. मग चंद्रपूर-यवतमाळकडे भूमीत विपुल असलेल्या दगडी कोळशापासूनच तो का काढू नये, असा प्रश्न साहजिक आहे.

कृती अशी. तापून लाल झालेल्या कोळशावर वाफ सोडली, की पाण्यातील प्राणवायू कर्बाशी संयोग पावतो व हायड्रोजन मोकळा होतो. सोबत निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडवर पुन्हा वाफ सोडली, की आणखी तितकाच हायड्रोजन मिळतो. म्हणजे हा वायू बहुतांशी पाण्यातलाच. कोळसा तो केवळ सोडवितो.

ही विद्या नवी नव्हे. जर्मनीत ओपाऊ येथे १९१३ साली अमोनियाचा कारखाना चालू झाला, तो कोळशाच्याच बळावर. चंद्रपूरपासून दूर नसलेल्या रामगुंडम येथे व ओडिशात तालचेर येथे १९८० साली असे खतकारखाने निघाले. दोन्ही १९९९ साली बंद झाले. आपल्या कोळशात राख फार, ही एक मोठी अडचण. रामगुंडम २०२१ साली पुन्हा चालू झाले, परंतु नैसर्गिक वायूवर. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कोळशाच्या वायुकरणासाठी ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हा हा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे.

आता थोडे गणित करू. १२ किलो कर्बापासून ४ किलो हायड्रोजन मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यास सुमारे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे पोत्याच्या वजनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड! भट्टीसाठी जळणारा कोळसा वेगळाच. यातील काही भाग युरियात बांधला जातो खरा, परंतु शेतात पडल्यावर तोही सुटून हवेत मिसळतो.

पीक आपल्या घरी येते. खाणीची धूळ वर्धाकाठच्या गावांच्या वाट्याला जाते. म्हणून माझी विनंती दोनच गोष्टींची. मातीची परीक्षा केल्यावाचून खताचे पोते फोडू नये. आणि आपल्या मुलामुलींनी रसायनशास्त्र असे शिकावे, की हा वायू हवेत न सोडता आवरण्याची युक्ती त्यांच्या हातून निघावी. खाणीतील संपत्ती एक दिवस सरेल, विद्या सरणार नाही.