‘अनलिमिटेड’

गणेशपुरीस उष्णोदकाच्या कुंडांत स्नान करून, नित्यानंदस्वामींच्या समाधीचें दर्शन घेऊन यात्रेकरू भोजनाच्या शोधार्थ निघतो. अशा क्षेत्रांच्या वाटेवर हल्लीं ‘अनलिमिटेड थाळी’ ही पाटी त्यास ठिकठिकाणीं भेटते. या पाहुण्या शब्दाचें कूळ आज पाहूं.

हा शब्द मुळांत शेतांतला. लॅटिन भाषेंत ‘लिमेस्’ म्हणजे दोन शेतांमधील सीमेची वाट. आपण तिला बांध म्हणूं. त्यापासून निघालेला ‘लिमिट’ हा शब्द फ्रेंचांच्या द्वारें इंग्रजींत आला व त्यास ‘अन्’ हा अस्सल इंग्रजी उपसर्ग जोडला गेला. म्हणजे ‘अनलिमिटेड’ म्हणजे बांध नसलेलें! तानसेच्या खोऱ्यांतील भातशेतकऱ्यास विचारा. खाचराचा बांध फुटला तर शेत मोठें होत नाहीं, पाणी मात्र निघून जातें.

व्यवहारांतही हा शब्द भयप्रद होता. इंग्लंडांत १८५५ च्या कायद्यानें भागधारकाची जबाबदारी मर्यादित करण्याची सोय झाली. तत्पूर्वीं कंपनीचें कर्ज सामान्यतः सभासदाच्या घरादारापर्यंत पोहोंचूं शके. आपल्याकडे १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणें साध्या पेढीच्या भागीदारावर अशी अमर्याद जबाबदारी आजही आहे. सहकारी संस्थांच्या पाट्यांवरील ‘मर्या.’ हीं अक्षरें म्हणजे सभासदास दिलेलें अभयच होय.

मराठीस या अर्थाच्या शब्दांचा तुटवडा कधींच नव्हता. पाऊस बेसुमार पडतो, आनंद बेहद्द होतो, आकाश अनंत असतें. ‘शुमार’ म्हणजे गणती, हा शब्द फारसी, ‘हद्द’ मूळची अरबी, ‘अनंत’ संस्कृत. परंतु ‘मर्यादा’ या शब्दांत आपण सीमा आणि शील दोन्ही एकत्र ठेविलीं आहेत. त्यामुळें ‘अमर्याद वर्तन’ म्हणतांच ती निंदा होते. ‘अनलिमिटेड’मध्यें ही सूचना नाहीं, म्हणूनच जाहिरातदारांस तो सोयीचा वाटतो. दूरध्वनीच्या ‘अनलिमिटेड’ योजनेखालीं बारीक अक्षरांत रोजची मर्यादा छापलेली असते, ती आपण वाचीत नाहीं.

परभाषेचा शब्द घेण्यास माझी हरकत नाहीं. ‘बेहद्द’ही एके काळीं पाहुणाच होता. मात्र शब्दाबरोबर त्याचा बांधही ओळखावा. आपल्या पंगतींत वाढपी आग्रह करीतच राहतो. पानावर आडवा हात धरून ‘पुरे’ म्हणणें हें जेवणाराचें काम असतें. पाटीवर कांहींही लिहिलेलें असो, तें काम आपल्याकडेच राहिलें आहे.